'स्ट्रॅगल': रेंगाळणं, भटकणं की आणखी काही?

प्रश्न थोडक्यात असा आहे: इंग्रजी-मराठी शब्दकोशात 'स्ट्रॅगल' या क्रियापदापुढे 'मागे रेंगाळणे' आणि 'भटकणे' असे दोन अर्थ सापडतात. मग 'द गेस्ट्स स्ट्रॅगल्ड इन' या वाक्याचं मराठी काय करायचं? पाहुणे रेंगाळत आले की भटकत आले? आणि 'स्ट्रगल' या शब्दाशी त्याचं काही नातं आहे का?

पाहुणे रेंगाळतही आले नाहीत आणि भटकतही आले नाहीत. ते एकेक-दोनदोन करत येत राहिले. सगळे मिळून, ठरल्या वेळी आले नाहीत, एवढंच ते वाक्य सांगतं. त्यांतला एखादा टॅक्सीने भरधाव आला असला तरी तो या वाक्यात बसतो.

या शब्दाची किल्ली इथेच आहे. 'स्ट्रॅगल' म्हटलं की त्यामागे काहीतरी सलग, एकत्र असलेलं गृहीत असतं: रांग, कळप, सैन्याची तुकडी, जहाजांचा ताफा, विंचरलेले केस, ओळीने बांधलेली घरं. त्या सलगपणातून काही भाग सुटतो. सुटलेला भाग मागे राहिला तर शब्दकोश 'मागे रेंगाळणे' लिहितो, बाजूला गेला तर 'भटकणे' लिहितो, आणि वाटेल तसा वाढत गेला तर 'अस्ताव्यस्त पसरणे'. अर्थ तीन दिसतात, पण घडतं एकच: ओळ सुटते. म्हणून वाक्य समोर आलं की पहिल्यांदा शोधायचं, कोण कशातून सुटलं? ते सापडलं की मराठी क्रियापद शोधत बसावं लागत नाही.

आता 'रेंगाळणे' का चालत नाही ते पाहू. हा शब्द शब्दकोशांनी फार राबवून घेतला आहे. लॅग, लिंगर, डॉडल, लॉइटर, स्ट्रॅगल या पाचही शब्दांपुढे तो दिसतो. पण मराठी माणूस 'रेंगाळणे' कुठे वापरतो? चव जिभेवर रेंगाळते, सूर कानात रेंगाळतात, मुलं शाळेतून येताना वाटेत रेंगाळतात, पाऊस कोकणात रेंगाळतो. पहिल्या दोन ठिकाणी इंग्रजीत 'लिंगर' येईल, मुलांसाठी 'डॉडल', पावसासाठी पुन्हा 'लिंगर'. म्हणजे आपल्या 'रेंगाळणे'त पाय निघत नसल्याचा, वेळ काढण्याचा भाव आहे आणि त्याला एकटा माणूसही पुरतो. 'स्ट्रॅगल'मध्ये पाय निघत नाही असं नसतं. पाय चालतच असतात, पण बाकीच्यांच्या पायांशी जुळत नाहीत.

'भटकणे'ची अडचण वेगळी आहे. महाराष्ट्रात भटकंती हा हौसेचा शब्द आहे. शनिवारी-रविवारी गडकिल्ल्यांवर भटकणारा माणूस चुकलेला नसतो, त्याने ठरवूनच घर सोडलेलं असतं. ते इंग्रजीतलं 'रोम' किंवा 'रॅम्बल'. उद्देशाशिवाय फिरणं म्हणजे 'वॉन्डर'. योग्य वाट सोडून जाणं म्हणजे 'स्ट्रे', आणि त्याच्यासाठी तर मराठीत एकाऐवजी तीन शब्द आहेत: मालकाने सोडून दिलेलं जनावर मोकाट, मालकच नसलेलं कुत्रं भटकं, आणि कळपातून चुकून गेलेलं जनावर चुकार. इंग्रजी तिन्हींना 'स्ट्रे' म्हणून मोकळी होते. यांतला 'चुकार' मात्र 'स्ट्रॅगल'च्या अगदी शेजारी राहतो, कारण त्यात कळप आहे. गावाकडच्या वर्णनात 'स्ट्रॅगलिंग काऊज' आल्या तर 'कळपामागे राहिलेल्या गाई' किंवा, खरंच चुकल्या असतील तर, 'चुकार गाई' लिहावं. 'भटक्या गाई' लिहिलं की वाचकाच्या डोळ्यांपुढे शहरातल्या चौकात बसलेल्या गाई येतात.

शब्द कुठून आला? पंधराव्या शतकाच्या सुमारास तो इंग्रजीत दिसू लागतो. मूळ निश्चित नाही. 'जाणे, फिरणे' या अर्थाच्या एका जुन्या इंग्रजी क्रियापदावरून तो तयार झाला असावा, असा एक तर्क आहे. तो तर्क बाजूला ठेवला तरी शब्दाचं शेपूट बोलकं आहे. इंग्रजीत 'ल'कारान्त क्रियापदांचा एक मोठा गोतावळा आहे: वॉडल, टॉडल, हॉबल, क्रॅकल, स्पार्कल. एकच छोटी हालचाल पुन्हा पुन्हा, तुटक तुटक होत राहणं हे या घराण्याचं लक्षण. 'स्पार्क' म्हणजे ठिणगी, 'स्पार्कल' म्हणजे चमचम. मराठीत हे काम द्विरुक्ती करते: चमचम, लुटुलुटु, रमतगमत, एकेक, मागेमागे. म्हणून 'स्ट्रॅगल'चं चांगलं भाषांतर बहुतेक वेळा एका क्रियापदात न होता द्विरुक्तीत होतं. 'एकेक करत', 'दोनदोन-चारचार', 'मागेमागे', 'इकडेतिकडे' या शब्दांनी जो परिणाम साधतो तो कोणत्याही भारदस्त संस्कृत शब्दाने साधत नाही.

व्याकरणाची बाजू आता नीट पाहू, कारण चुका जास्त तिथेच होतात. हे क्रियापद अकर्मक आहे. 'ही स्ट्रॅगल्ड द ग्रुप' असं म्हणता येत नाही, आणि कर्मणी प्रयोगही होत नाही. चढामुळे गट लांबला, विस्कळीत झाला असं सांगायचं असेल तर इंग्रजीत 'द क्लाइंब स्ट्रंग द ग्रुप आउट' म्हणतात. तिथे 'स्ट्रॅगल' आणायचा नाही. कर्ता सहसा अनेकवचनी किंवा समूहवाचक असतो. एकटा माणूस चालतो, पण मग ज्यांच्यापासून तो सुटला ते वाक्यात किंवा मागच्या वाक्यात असावे लागतात: 'शी स्ट्रॅगल्ड बिहाइंड द अदर्स' ठीक आहे, नुसतं 'शी स्ट्रॅगल्ड' अधांतरी लोंबकळतं. वाचणारा विचारतो, कुठे? कशामागे?

खरा अर्थ ठरतो तो क्रियापदाला जोडून आलेल्या छोट्या शब्दावरून. 'इन' आला तर एकेक करत येत राहणं. 'बॅक' किंवा 'होम' आला तर तसंच परतणं, आणि त्यात दमल्याभागल्याची छटा हमखास असते. 'बिहाइंड' आला तर घोळक्याच्या मागे पडणं. 'ऑफ' किंवा 'अवे' आला तर पांगणं: सभा संपायच्या आधीच लोक एकेक करत उठून जाऊ लागले, तर 'द क्राउड बिगॅन टु स्ट्रॅगल अवे'. 'अलाँग' आला तर दोन शक्यता. कर्ता माणसं असतील तर तुटक तुटक, लांबलेल्या रांगेत चालणं. कर्ता घरं किंवा गाव असेल तर रस्त्याच्या कडेने जमेल तसं पसरणं. 'ओव्हर' आणि 'अक्रॉस' बहुधा केस, वेली आणि वस्त्यांबरोबर येतात. 'केम स्ट्रॅगलिंग इन' ही जोडी बोलण्यात फार वापरली जाते. तिचं मराठी 'येत होते एकेक' इतकं साधं ठेवावं.

शेजारच्या शब्दांपासून वेगळेपणही इथेच लक्षात ठेवण्यासारखा आहे. 'लॅग'ला माप लागतं, किंवा निदान मापता येण्यासारखं अंतर: दोन तास मागे, दोन टक्के मागे. म्हणून 'टाइम लॅग' आहे, 'जेट लॅग' आहे, इंटरनेट 'लॅग' होतं. 'टाइम स्ट्रॅगल' नाही. 'ट्रेल'मध्ये स्पर्धा आहे: संघ ४० धावांनी 'ट्रेल' करतो. 'डॉडल'मध्ये मुद्दाम वेळ काढणं आहे आणि बोलणाऱ्याची नाराजी आहे. 'लॉइटर'मध्ये संशय आहे, विनाकारण घुटमळणारा माणूस. 'स्ट्रॅगल' यांपैकी कशाचाही आरोप करत नाही. माणूस आळशी आहे की दमलेला, चुकला आहे की जखमी, हे तो शब्द सांगत नाही. फक्त ओळ मोडल्याचं सांगतो.

हा तटस्थपणा सगळ्यांत जास्त कामाला येतो तो लष्करी इतिहासात, आणि भाषांतरात सगळ्यांत जास्त घोटाळेही तिथेच होतात. 'स्ट्रॅगलर' म्हणजे आपल्या तुकडीपासून सुटलेला सैनिक. 'डेझर्टर' म्हणजे सैन्य सोडून पळालेला. दोघेही हजेरीत नसतात, पण पहिला परत येतो किंवा येऊ शकतो, आणि दुसऱ्यावर गुन्हा असतो. अमेरिकेच्या यादवी युद्धाचं उदाहरण घ्या. १८६२च्या सप्टेंबरात जनरल ली यांचं दक्षिणेचं सैन्य पोटोमॅक नदी ओलांडून मेरीलँडमध्ये शिरलं, तेव्हा हजारो सैनिक वाटेत गळाले. पायात बूट नव्हते आणि खडीच्या कडक रस्त्यांनी तळवे फुटत होते. रसद अपुरी म्हणून शेतातली कोवळी मक्याची कणसं आणि कच्ची सफरचंदं खाऊन पोटं बिघडली होती. १७ सप्टेंबरला अँटीटमची लढाई झाली तेव्हा लींकडे जेमतेम ४० हजारांच्या आसपास माणसं उरली होती. या वर्णनात इंग्रजी इतिहासकार 'स्ट्रॅगलिंग' हाच शब्द वापरतात. त्याचं 'पळून जाणे' केलं तर तळपाय फुटलेल्या माणसावर भाषांतरकाराने फितुरीचा शिक्का मारला असं होतं. 'वाटेत गळालेले', 'तुकडीमागे राहिलेले', 'पथकापासून सुटलेले' हे शब्द घ्यावेत. 'गळणे' विशेष चांगला, कारण त्यात दोष कुणाचाच नाही.

आणखी एक चूक कधीकधी दिसते: मराठेशाहीवरच्या इंग्रजी लिखाणात 'स्ट्रॅगलर्स' आलं की 'बाजारबुणगे' लिहिलं जातं. बाजारबुणगे म्हणजे सैन्याबरोबर चालणारे बिनलढाऊ लोक, व्यापारी, नोकरचाकर. इंग्रजीत ते 'कॅम्प फॉलोअर्स'. ते सैन्याच्या मागे असतात हे खरं, पण त्यांची जागाच तिथे असते. आपली जागा सोडून मागे आलेला तो 'स्ट्रॅगलर'.

समुद्रावर या शब्दाला नेमका, कामकाजातला अर्थ मिळाला. दुसऱ्या महायुद्धात अटलांटिक ओलांडणारी मालवाहू जहाजं ताफ्याने जात. भोवती युद्धनौकांचं संरक्षण असे. ताफा सगळ्यांत हळू जहाजाच्या वेगाने चालवावा लागे. संथ ताफ्यांचा वेग ताशी ७ सागरी मैलांच्या आसपास असे. तेवढंही जमलं नाही, म्हणजे इंजिन बिघडलं, कोळसा हलक्या प्रतीचा निघाला, वादळात दिशा सुटली, तर ते जहाज 'स्ट्रॅगलर' ठरे. त्याच्यासाठी ताफा थांबत नसे आणि संरक्षक नौकाही सहसा मागे ठेवता येत नसत. म्हणून कप्तानांना निघतानाच एक वेगळा मार्ग आखून दिलेला असे, 'स्ट्रॅगलर्स रूट': सुटलात तर ताफ्याच्या मागोमाग येऊ नका, या वाटेने या. कारण एकट्या जहाजावर जर्मन पाणबुड्या टपलेल्या असत. गंमत नव्हे, तर शिस्तीचा भाग म्हणून उलट्या दोषालाही नाव होतं: ताफ्याला सोडून पुढे निघून जाणाऱ्या जहाजाला 'रॉम्पर' म्हणत. तेही तितकंच एकटं पडे. या जोडीमुळे 'स्ट्रॅगलर'चा नाविक अर्थ स्वच्छ होतो: ताफ्यातून सुटून मागे पडलेलं जहाज. मराठीत 'मागे पडलेलं जहाज' लिहा. 'भरकटलेलं जहाज' लिहू नका, कारण भरकटणं म्हणजे दिशा हरवणं, आणि इथे पुष्कळदा दिशा ठाऊक असते, वेग नसतो.

याच महायुद्धातून आणखी एक प्रयोग आला. ग्वाम बेटाच्या जंगलात २४ जानेवारी १९७२ला शोइची योकोई हा जपानी सैनिक सापडला. अमेरिकेने ते बेट १९४४मध्येच परत घेतलं होतं. हिरू ओनोदा हा अधिकारी फिलिपीन्समधल्या लुबांग बेटावरून १९७४च्या मार्चमध्ये बाहेर आला, तोही त्याच्या जुन्या वरिष्ठाने प्रत्यक्ष येऊन आदेश दिल्यावर. इंग्रजी वार्ताहरांनी यांना 'जॅपनीज स्ट्रॅगलर्स' म्हटलं. इथे मागे पडणं जागेत नाही, काळात आहे. सैन्य घरी गेलं, युद्ध संपलं, हे उरले. 'मागे उरलेले जपानी सैनिक' याशिवाय दुसरं मराठी इथे नको.

काळात मागे पडण्याची हीच कल्पना खगोलशास्त्रज्ञांनी उचलली. १९५३ साली ॲलन सँडेज यांना एम-३ या गोलाकार तारकागुच्छात काही तारे बाकीच्यांहून निळे आणि तेजस्वी दिसले. गुच्छातले तारे साधारण एकाच वेळी जन्मतात. जड, निळे तारे इंधन भराभर जाळतात आणि लवकर फुगून लालसर होतात. अब्जावधी वर्षांच्या जुन्या गुच्छात निळे तारे उरायलाच नकोत. बाकीचे सोबती पुढच्या अवस्थेत गेले आणि हे मात्र तरुणच राहिले, जणू रांगेत मागे पडले, म्हणून 'ब्लू स्ट्रॅगलर'. प्रत्यक्षात ते मागे राहिलेले नसतात. शेजारच्या जोडीदार ताऱ्याचं द्रव्य ओढून किंवा दोन तारे एकमेकांत मिसळून त्यांना नवं इंधन मिळालेलं असतं. भारताच्या ॲस्ट्रोसॅट उपग्रहावरच्या अतिनील दुर्बिणीने, जिच्या उभारणीत पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेचाही वाटा आहे, एनजीसी १८८ या गुच्छातल्या अशाच एका ताऱ्याचा उष्ण जोडीदार दाखवून दिला. या ताऱ्यांना 'निळे भटके' म्हणू नये. भटके म्हटलं की ते जागा सोडून फिरतात असं वाटतं, आणि ते तर गुच्छातच असतात. लेखात 'ब्लू स्ट्रॅगलर' असंच लिहून पहिल्यांदा 'वयाने मागे राहिल्यासारखे दिसणारे निळे तारे' अशी एक ओळ द्यावी, एवढं पुरतं.

पदार्थविज्ञानात मात्र शब्द थोडा वळला आहे आणि तिथे सावध राहावं लागतं. प्रोटॉनसारखे भारित कण एखाद्या पदार्थातून जाताना अणूंशी असंख्य टकरा होऊन ऊर्जा गमावतात. प्रत्येक कणाच्या टकरा थोड्या वेगळ्या, म्हणून सारख्याच ऊर्जेने निघालेले कण एकाच खोलीवर थांबत नाहीत. याला 'स्ट्रॅगलिंग' म्हणतात. नील्स बोर यांनी १९१५मध्येच त्याचं गणित मांडलं होतं. कर्करोगावरच्या प्रोटॉन उपचारात याचा हिशेब रोज करावा लागतो. २०० दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्टचा प्रोटॉन पाण्यात सुमारे २६ सेंटिमीटर जातो, आणि त्या थांबण्याच्या जागेत सुमारे अडीच-तीन मिलिमीटरचा पसारा असतो. लक्षात घ्या, काही कण आधी थांबतात आणि काही नंतर. पुढे गेलेलेही 'स्ट्रॅगलिंग'मध्येच मोजतात. त्यामुळे इथे 'मागे पडणे' साफ चूक आहे. 'विखुरणे'ही धोक्याचं, कारण 'स्कॅटरिंग' म्हणजे दिशा बदलून विखुरणं हा वेगळाच परिणाम त्याच पानावर असतो. 'पल्ल्यातला पसारा' आणि 'ऊर्जेतला पसारा' असं म्हटलं तर दोन्ही संज्ञा वेगळ्या राहतात.

संगणकाच्या क्षेत्रातला अर्थ सोपा आहे. एक मोठं काम शेकडो यंत्रांत वाटून दिलं की सगळ्यांचं होतं आणि एकदोन यंत्रं अडून बसतात. गूगलच्या जेफ्री डीन आणि संजय घेमावत यांनी मॅपरिड्यूस या, काम अनेक यंत्रांत वाटून करण्याच्या पद्धतीवरच्या २००४च्या शोधनिबंधात अशा यंत्राला 'स्ट्रॅगलर' म्हटलं. त्यांनी दिलेलं कारणच बोलकं आहे: डिस्क खराब असेल तर वाचनाचा वेग सेकंदाला ३० मेगाबाइटवरून १ मेगाबाइटवर येऊ शकतो, आणि बाकी सगळी यंत्रं रिकामी असूनही काम संपत नाही. उपाय म्हणून उरलेली कामं दुसऱ्या यंत्रांनाही द्यायची आणि ज्याचं आधी होईल ते घ्यायचं. हा उपाय बंद ठेवला तेव्हा त्यांच्या चाचणीतल्या क्रमवारी लावण्याच्या कामाला ४४ टक्के जास्त वेळ लागला. मराठी तांत्रिक लेखात 'रखडलेलं यंत्र' अगदी बरोबर बसतं. 'रखडणे' हा शब्द माणसांसाठी वापरला तर चिडका वाटतो, पण कामं, फायली आणि यंत्रं यांच्यासाठी तो जन्मलेलाच आहे.

केस, झाडं, गावं यांचं पटकन सांगतो. 'स्ट्रॅगली बिअर्ड' म्हणजे विरळ, इकडेतिकडे वाढलेली दाढी. लांब दाढी नव्हे. वनस्पतींच्या वर्णनात 'स्ट्रॅगलिंग श्रब' म्हणजे धड सरळ उभं न राहता फांद्या कशाही टाकत, शेजारच्या झाडांवर रेलत वाढणारं झुडूप. घाणेरी आणि सागरगोटा दोन्ही तशी वाढतात. इथे 'वेल' लिहू नये. वेल आधाराला वेटोळं घालते किंवा तणावे पकडते, ही झुडपं नुसती अंगावर येतात. 'पसरट, अस्ताव्यस्त वाढणारं झुडूप' म्हणावं. 'अ स्ट्रॅगलिंग व्हिलेज' हे कोकणातल्या गावांना चपखल लागू पडतं: वाडी इथे, दुसरी ओढ्यापलीकडे, तिसरी घाटीच्या पायथ्याशी. तरी 'अस्ताव्यस्त गाव' असं करू नका, त्यात गबाळेपणाचा आरोप येतो. 'विखरून वसलेलं गाव' म्हटलं की पुरे.

आता 'स्ट्रगल'. नातं काही नाही, साम्य फक्त कानाला आणि डोळ्यांना. 'स्ट्रगल' म्हणजे झगडणं. एका स्वराचा फरक: 'स्ट्रॅगल'मधला ॲ 'बॅट'मधला, 'स्ट्रगल'मधला अ 'बस'मधला. आपल्याकडे हा फरक लिहून दाखवायला चंद्र आहे, ही मराठीची मोठी सोय. तो आळसाने गाळू नये. 'स्ट्रॅगलर'वरचा चंद्र गेला की 'स्ट्रगलर' उरतो, आणि मुंबईत 'स्ट्रगलर' म्हणजे सिनेमात काम मिळवण्यासाठी खेटे घालणारा होतकरू नट. इंग्रजी लिहिताना उलटी चूक होते: 'आय ॲम स्ट्रॅगलिंग विथ मॅथ्स'. गणिताशी झगडणं म्हणायचं असेल तर तिथे चौथं अक्षर 'ए' नव्हे, 'यू' हवं. 'स्ट्रॅगल'चं स्पेलिंग असं: एस, टी, आर, ए, डबल जी, एल, ई, 'आयएनजी' लावताना शेवटचा 'ई' जातो. दोन्ही शब्द बरोबर असल्यामुळे संगणकाचं शुद्धलेखन-तपासणी साधन ही चूक पकडत नाही. स्वतःच पाहावं लागतं.

मराठी माणूस इंग्रजीत लिहिताना आणखी एका जागी जपावं, आणि ही जागा माझ्या मते सगळ्यांत नाजूक आहे. वारीचं वर्णन. 'पिलग्रिम्स स्ट्रॅगल्ड अप द घाट' असं वाक्य सहज लिहिलं जातं, लांबच लांब माणसांची रांग डोळ्यांपुढे असते म्हणून. पण ज्ञानेश्वर माउलींच्या पालखी सोहळ्यात रथापुढे २७ दिंड्या असतात, बाकीच्या रथामागे, आणि प्रत्येक दिंडीचा क्रम ठरलेला असतो. दिवे घाट चढतानाही टाळ-मृदंगाच्या ठेक्यावर ओळी धरून माणसं चालतात. 'स्ट्रॅगल्ड' म्हटलं की या ओळी मोडल्या असं इंग्रजी वाचकाला कळतं. ते खोटं आहे. सोहळा घाटातून वळणं घेत वर गेला असं सांगायचं तर 'वाउंड अप द घाट' लिहा. हां, पायाला फोड आले म्हणून झाडाखाली टेकलेले, दिंडी पुढे गेल्यावर धापा टाकत तिला गाठणारे चारदोन जण असतील, तर ते नक्की 'स्ट्रॅगलर्स'.

कार्यालयीन इंग्रजीत 'अ फ्यू स्ट्रॅगलर्स' म्हणजे ज्यांचं उत्तर, अर्ज किंवा वर्गणी अजून यायची आहे असे लोक. सहकाऱ्यांत आपसात चालतं. त्याच लोकांना उद्देशून पाठवलेल्या पत्रात घालू नये, टोचतं. 'दोज यट टु रिस्पॉन्ड' बरं.

शेवटी एक छोटा उतारा भाषांतरासाठी घेऊ, म्हणजे वरचं सगळं एकत्र दिसेल. 'बाय डस्क द फर्स्ट वॉकर्स हॅड रीच्ड कॅम्प. द रेस्ट स्ट्रॅगल्ड इन ओव्हर द नेक्स्ट टू अवर्स, अँड अ फ्यू स्ट्रॅगलर्स स्टॉप्ड ॲट अ व्हिलेज दॅट स्ट्रॅगल्ड डाउन द हिलसाइड.'

शब्दकोश हाताशी धरून केलेला खर्डा असा होतो: 'संध्याकाळपर्यंत पहिले चालणारे छावणीत पोहोचले होते. उर्वरित लोक पुढील दोन तासांत रेंगाळत आले आणि काही रेंगाळणारे डोंगराच्या बाजूला रेंगाळणाऱ्या एका गावात थांबले.' तीनदा रेंगाळून झालं आणि गावही चालू लागलं.

प्रत्येक ठिकाणी कोण कशातून सुटलं ते पाहू. पहिल्या जागी माणसं घोळक्यातून सुटली, पण येत राहिली. दुसऱ्या जागी ती इतकी मागे पडली की पोचलीच नाहीत. तिसऱ्या जागी घरं एकमेकांपासून सुटली आहेत. मग: 'दिवस मावळेपर्यंत पुढची मंडळी मुक्कामाला पोचली. बाकीचे त्यानंतर दोन तास एकेक-दोनदोन करत येत होते, आणि फारच मागे पडलेले काही जण वाटेतल्या, डोंगरउतारावर विखरून वसलेल्या गावातच थांबले.'

यात 'दोन तासांत आले' हे 'दोन तास येत होते' झालं आहे, तिकडे लक्ष द्या. 'दोन तासांत आले' म्हटलं की काम संपल्याचा, मुदतीत झाल्याचा भाव येतो. 'येत होते' म्हटलं की अंधारात मुक्कामाकडे एकेक विजेरी हलत येताना दिसते, आणि मूळ वाक्यातल्या 'ओव्हर'ला तेच दाखवायचं आहे.